सुई शून्यावर येईना

आमच्या ह्यांचा उजवा हात ताटातून तोंडापर्यंत पोचेनासा झाला, तेव्हापासून आमच्या घरात जेवणाची भीती वाटायला लागली. ताटात वरणभात, बोटांत घास, आणि घास वर निघाला की हात थरथरायला लागायचा. तोंडाजवळ येईपर्यंत बोटांत चार शितं उरायची. बाकीचा भात मांडीवर, वरण बनियनवर, आणि हे समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. मी फडकं घेऊन उभी. पुसू की नको पुसू, तेच कळायचं नाही.

गंमत बघा, मांडीवर ठेवलेला तोच हात अगदी शांत. झोपेत तर लहान मुलासारखा. काही धरायला गेलं की मात्र सुरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कंपवात नव्हे, हा दुसरा कंप, काम करताना येणारा. गोळी दिली, तर त्या गोळीने चक्कर येऊन हे बाथरूममध्ये पडले. गोळी बंद. ऑपरेशन असतं म्हणे, पण ह्यांचं हृदय तेवढं सोसणार नाही. शेवटी बाई माझ्याकडे बघून बोलल्या, "चमच्याने खाऊ दे, नाहीतर तुम्ही भरवा. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

ऐरोलीला घरी आलो, चपला काढल्या, आणि हे म्हणाले, "नळी घालून घेईन. भरवून घेणार नाही."

आता बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. मलाही पहिल्यांदा रागच आला. पण मला ह्यांच्या वडलांची गोष्ट माहीत होती. कोकणात ह्यांच्या गावी लग्नकार्यात सगळी पंगत उठल्यावर आमच्या माणसांना अंगणाच्या कडेला बसवायचे आणि वरून, लांबून, पत्रावळीवर टाकायचे. हे लहान होते, वडलांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, आणि वडील खाली मान घालून जेवताना बघायचे. पुढे हे शिकले, इथे एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये प्रोफेसरांच्या टेबलावर जाऊन बसले, चमचा बाजूला सारला आणि हाताने भात कालवून पोटभर जेवले. तो किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की त्या दिवशी आमटी कसली होती तेही सांगेन. सगळ्यांच्या बरोबर बसून आपल्या हाताने जेवायचं, एवढीच त्यांची कमाई. तीच आता बोटांतून सांडत होती.

चमचाही करून बघितला. चमचा हाताच्या पुढे लांब, म्हणून तो जास्तच नाचायचा. दातावर आपटला, ओठ फुटला. चमचा कपाटात गेला.

आता यंत्राचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या बेडरूममध्ये खिडकीखाली एक पेटी आहे. शिवणयंत्राच्या टेबलाएवढी. पाहुण्यांना वाटतं जुना रेडिओ. तो कॉम्प्युटर आहे, पण आत्ताच्या जातीचा नाही. त्याला अक्षरं कळत नाहीत, आकडे टाइप करता येत नाहीत. पुढच्या पाटीवर भोकंच भोकं, त्यांत रंगीत वायरी खोचायच्या, आणि गोल खुंट्या फिरवायच्या. खुंटीला पॉट म्हणतात. एखादी वस्तू जशी हलते, तशीच आतली वीज हलेल अशा बेताने वायरी जोडायच्या. मग ती वस्तू न हलवता, तिला किती हिसका बसेल ते मीटरच्या सुईवर बघायचं. ॲनालॉग कॉम्प्युटर. कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा हा भंगारात निघाला, आणि हे त्याला रीतसर मागून घेऊन टेम्पोतून घरी आले. मी म्हटलं, "सवत आणलीत?" तर म्हणाले, "सवत नव्हे, तुझी शाळा."

खरंच शाळा झाली. मी सातवी शिकलेली. गणित मला आवडायचं, पण गणिताला मी आवडायच्या आत लग्न झालं. ह्यांनी पेटी उघडली आणि मला म्हणाले, वायर खोच. मी खोचत गेले.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स मला कसा समजला, ते सांगते. आम्ही नवीन आलो तेव्हा दिघ्याला राहायचो, आणि पाणी टेकडीखालच्या नळावरून आणावं लागायचं. काठोकाठ भरलेली कळशी कमरेवर घेतली की एका ठरावीक चालीला पाणी हमखास बाहेर उसळायचं. त्याच्यापेक्षा सावकाश चाललं तर नाही. झपाझप चाललं तरी नाही. मधलीच ती एक चाल वाईट. हे मी ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठलेच. "अगं, हेच! कळशीला कुठल्या चालीने हलवलं की पाणी किती डोलतं, ते कागदावर काढायचं. मधल्या चालीला डोंगर येतो. ह्यालाच फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात."

"एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं नाव?"

"नाव मोठं नसेल तर मला पगार कोण देईल?"

असं आमचं शिक्षण.

तर एका दुपारी मी ह्यांच्या समोर बसले होते. हातात नुसताच रिकामा पेला धरायला लावला होता, आणि मी त्या थरथरीकडे बघत होते. मला एकदम कळशी आठवली.

"अहो, हा हात कसाही हलत नाही. ह्याचा एक ठेका आहे. तोच तोच ठेका."

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताकडे बघितलंस?"

"हाताकडे बघूनच होकार दिला. तोंडाकडे बघून कुणी दिला असता?"

हे हसले नाहीत. पण पेला खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे नीट बघितलं, कॉलेजात बिघडलेल्या मोटारीकडे बघत असतील तसं. मग म्हणाले, "थरथरणाऱ्या मशीनवर आपण पट्टीच्या टोकाला छोटं वजन लावायचो. पट्टी बरोबर लांबीची असली की मोठं थांबतं आणि छोटं नाचतं. हातावर होईल?"

मला काय विचारता, म्हटलं. पण उठून पेटीवरची धूळ पुसायला घेतली.

आमची मुलगी बेलापूरला ऑफिसात आहे. मेट्रोने जाऊन-येऊन दमलेली असते, तरी त्या संध्याकाळी आली. तिच्या मोबाईलमध्ये थरथर मोजायचं ॲप होतं. बाबांच्या मनगटावर मोबाईल बांधून तिने ठेका काढून दिला. आणि म्हणाली, "बाबा, पुढचं मी लॅपटॉपवर करते. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत उत्तर येईल गं. मला उत्तर नकोय, मला खुंटी फिरवून बघायचंय की हात कुठे थांबतो."

मी समजले. एवढ्या दिवसांनी ह्यांना काहीतरी स्वतः करायचं होतं. पण ते तरी कुठलं? वायर भोकात घालायची तर हात आधीच तीन भोकं पलीकडे. शेवटी हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी खोचायची. पिवळी इथून तिथे. लाल खाली. एका अर्ध्यात ह्यांचा हात, म्हणजे वजन, ताठरपणा, स्नायूंची ओढ. दुसऱ्या अर्ध्यात मनगटावर लावायची पट्टी. खरी थरथर एवढी जलद की सुई तिच्या मागे धावू शकत नाही, म्हणून यंत्रात सगळं दहापट सावकाश करायचं. एका ठिकाणी मी उणेच्या जागी अधिक केलं तर लाल दिवा लागला आणि सुई जाऊन टोकाला चिकटली.

"स्वयंपाकात मीठ विसरत नाहीस, इथे उणे कसं विसरतेस?"

"मीठ मी चाखून बघते. तुमचं उणे चाखू कसं?"

पहिल्यांदा नुसता हात चालवून बघितला, पट्टीशिवाय. ठेक्याची खुंटी हळूहळू फिरवत गेले, आणि बरोब्बर ह्यांच्या ठेक्यावर सुई चढली. माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचं सांडलेलं ताट. त्या खुंटीवर मी खूण म्हणून माझी टिकली चिकटवली. मग पट्टी जोडली. पट्टीची खुंटी फिरवत गेले, फिरवत गेले, आणि सुई खाली यायला लागली. उतरली, उतरली, आणि शून्यावर जाऊन बसली. हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते. श्वाससुद्धा सुईला लागेल अशी भीती.

पट्टी म्हणजे हॅक्सॉ ब्लेडचा, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा तुकडा, दात घासून काढलेला. टोकाला वजन म्हणून नट. मनगटाला बांधायला मेडिकलच्या दुकानातला कापडी पट्टा. नट मागेपुढे सरकवून यंत्राने सांगितलेल्या जागी घट्ट केला. मी भात वाढला, मऊ, तूप घालून. ह्यांनी घास उचलला. पट्टीच्या टोकाला नट थरथर थरथर नाचायला लागला, आणि हात? हात वर गेला. सरळ. घास तोंडात गेला.

मी पाठ फिरवली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

काही दिवस आमचं घर सणासारखं होतं. हे दोन वेळा जेवायचे, गालावर थोडं मांस दिसायला लागलं. आणि मग म्हणाले, "व्याह्यांना जेवायला बोलाव."

मी म्हटलं, घाई कशाला. "अगं, चारचौघांत जेवता आलं नाही तर ह्या लोखंडाचा उपयोग काय?"

व्याही म्हणजे मुलीचे सासरे, द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर होते, आता रिटायर. रविवारी विहीणबाईंना आणि आमच्या मुलीला घेऊन आले. जयभीम झाला, चहा झाला. मी वांग्याचं भरीत, भाकरी, वरणभात केला होता. हॉलमध्ये टेबलाभोवती सगळे बसलो. मनगटावर पट्टी बघून व्याही म्हणाले, "हे काय, नवीन घड्याळ काय?"

"घड्याळच. फक्त वेळ दाखवत नाही, वेळ मारून नेतं."

सगळे हसले. ह्यांनी घास उचलला. मी ह्यांच्या कपाळाकडे बघितलं, तिथे घाम होता. हात छातीपर्यंत आला, आणि मग पट्टी अशी काही उसळली, आणि तिच्याबरोबर हात, की घास सुटून समोर गेला. व्याह्यांच्या पांढऱ्या शर्टावर वरण. ह्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरायला बघितला तर पाण्याचा तांब्या कलंडला. पट्टी नव्हती तेव्हासुद्धा हात कधी एवढा हलला नव्हता.

"राहू द्या, राहू द्या," व्याही म्हणत होते. विहीणबाई ताटाकडे बघत बसल्या. मुलगी "बाबा, बाबा" करत पाणी पुसत होती. हे उठले, आत गेले, दार लावलं.

पाहुणे गेल्यावर मी आत गेले तर हे पेटीसमोर बसलेले. मनगटावरची पट्टी काढून पलंगावर फेकलेली. मला म्हणाले, "ठेक्याची खुंटी फिरव. टिकलीपासून इकडे, मग तिकडे."

मी फिरवली. टिकलीवर सुई शून्य. जराशी पुढे नेली तर सुई ताडकन वर चढली. मागे नेली तर तिकडेही तसंच. आम्ही मधला एक डोंगर बसवला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नवे उभे राहिले होते. मधली दरी तेवढी शांत, चिंचोळी. घरात आम्ही दोघंच असताना हात त्या दरीत असायचा. लोक समोर बसले, काळीज धडधडलं, ठेका जरासा जलद झाला, आणि हात सरळ दुसऱ्या डोंगरावर.

"मी पोरांना जन्मभर हेच सांगितलं," हे बोलले. "एका ठिकाणी शून्य आलं म्हणून नाचू नका. सगळी खुंटी फिरवून बघा. आणि मी स्वतः टिकलीच्या पुढे फिरवून बघितलं नाही. का माहितीये? शून्य दिसलं होतं ना. मला शून्यच बघायचं होतं."

मीही नव्हतं बघितलं.

त्यानंतरचे दिवस मला लिहायला जड जातात. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि किचनच्या मागे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी, पाटावर जाऊन बसले. भिंतीकडे तोंड. मी म्हटलं, इथे कशाला? तर म्हणाले, "इथे बरं आहे. सांडलं तरी धुता येतं."

ज्या माणसाने बापाला लांब बसून जेवताना बघितलं होतं, तो आपल्याच घरात आपण होऊन लांब जाऊन बसला. कुणी बसवलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून ह्यांच्या पाठीकडे बघायची. बनियनमधून मणके दिसायला लागले होते. ताट परत यायचं ते जवळपास तसंच. मग ताटही घेईनात. "भूक नाही." मी रडले, चिडले, ताट आपटलं, तुम्हाला माझी शपथ म्हणाले. एकदा घास करून तोंडाजवळ नेला तर ह्यांनी तोंड फिरवलं नाही, नुसते डोळे मिटून घेतले. ते तोंड फिरवण्यापेक्षा वाईट होतं. मी घास परत ताटात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि नळीची तारीख काढायला सांगितलं.

त्या दुपारी हे पलंगावर भिंतीकडे वळून पडले होते. मी पेटी चालू केली. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. बाकी काही करता येत नव्हतं म्हणून. पाटीवर एक पॉट होता ज्याला आम्ही हातच लावला नव्हता. पट्टीच्या घर्षणाचा. म्हणजे पट्टी किती मोकळी नाचेल आणि किती अडखळेल, त्याचा. ह्यांनीच तो अगदी शेवटाला, मोकळ्याकडे ठेवायला सांगितला होता, कारण घर्षण वाढवलं की सुई शून्यावर येत नाही. मी तो फिरवला. आणि ठेक्याची खुंटी इकडून तिकडे नेली. दोन्ही डोंगर खाली बसले होते. थोडा अजून फिरवला. अजून बसले. दरी मात्र वर आली. कुठेच शून्य नाही, पण कुठेच कडा नाही. दिघ्याच्या टेकडीसारखं, चढ आहे पण चालता येईल असा.

"अहो, इकडे बघा."

ते वळले नाहीत. "काय बघू? शून्य आलं?"

"नाही आलं."

"मग?"

"येणारच नाही. पण कुठल्याही ठेक्याला ताटभर सांडणारही नाही. अर्धं सांडेल."

हे उठले, येऊन बसले, थरथरतं बोट माझ्या हातावर टेकवून मला खुंटी फिरवायला लावली. इकडे. तिकडे. पुन्हा. सुई मधेच कुठेतरी हलत राहिली, ना वर, ना खाली.

"एवढंच?" ह्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं आता उठतील. पण विचारलं, "घर्षणाला लावणार काय? रबर पाहिजे, मऊ."

मी कपाटाखालून माझी चप्पल काढली आणि कात्रीने टाचेचा तुकडा कापला.

"चपलेचं रबर? जेवायच्या हाताला?"

"नवी कोरी आहे. पायात घातली नाही अजून."

"माझ्या आईने बघितलं असतं तर..."

"तर म्हणाल्या असत्या, सुनेने एका चपलेची वाट लावली, आता दुसरीचं काय करणार."

हे हसले. खोकला येईपर्यंत हसले. कितीतरी दिवसांनी. मी रबर पट्टीखाली चिकटवलं.

पुढच्या रविवारी व्याही न सांगता एकटेच आले. उरणच्या बाजारातली सुकट घेऊन. तोच पांढरा शर्ट, धुतलेला. रबराची पट्टी बांधून हे पुन्हा जेवायला लागले होते, पण आत्ताही ताट घेऊन बाल्कनीकडेच निघाले होते. दारात थांबले. व्याह्यांकडे बघितलं. मग वळून हॉलमधल्या टेबलाशी जाऊन बसले.

"बसा," म्हणाले. "जरा लांब बसा, शर्ट पांढरा आहे."

"मग जवळच बसतो," व्याही म्हणाले आणि खुर्ची ओढली.

हे जेवले. हात हलत होता, सगळ्यांना दिसत होता. भात टेबलावर पडत होता, मांडीवर पडत होता. अर्धा घास तोंडात जात होता. व्याही गोदामातल्या उंदरांच्या गोष्टी सांगत होते आणि मी फडकं घेऊन उभी नव्हते, बसले होते. घामाने ह्यांचं कपाळ भिजलेलं होतं, पण हे उठले नाहीत. दुसऱ्यांदा भात मागितला.

नळीची तारीख बाईंनी पुढे ढकलली. रद्द नाही केली. वजन उतरतंय अजून, फक्त हळू. आणि कंप वाढतोय, ते खोटं कशाला सांगू. मुलगी अधूनमधून येऊन मोबाईल बांधून मोजते, आणि मग मी पेटीवर कंपाच्या जोराचा पॉट तेवढा पुढे नेते. त्याच्यावरही एक टिकली आहे. दर खेपेला ती काढून थोडी पुढे चिकटवते. त्या पॉटला शेवट आहे, तिथे खुंटी अडते, त्याच्या पुढे फिरत नाही. टिकली आता त्या शेवटाच्या जवळ आली आहे. हे मला विचारतात, "किती उरलंय?" मी म्हणते, "आहे अजून." मग पेटीवर जुनी साडी टाकते आणि दोघांची ताटं हॉलमध्ये मांडते, शेजारी शेजारी.